शेवटून पहिला ॲथॉल

ॲथॉल पर्डी मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मरणाच्या दारात उभा होतो. निदान माझं तरी तसं मत होतं. बँडल क्रीक गावाबाहेर, जुन्या रेल्वेची सायकलवाट जिथे दूध डेअरीच्या रस्त्याला छेदते तिथे एका खांबाला टेकून मी उभा होतो आणि सगळं जग मला विसरून पुढे निघून गेलं होतं. गुरुवार सायकल मंडळातली ती माझी पहिली फेरी. ग्लेनिस नावाच्या एका ताठ कण्याच्या बाईंनी मला त्या वळणावर थांबवलं, "सगळ्यांना डावीकडे पाठव, आणि पिवळं जाकीट येईपर्यंत इथून हलायचं नाही," असा हुकूम सोडला, आणि उरलेली पेन्शनर फौज घेऊन त्या दिसेनाशा झाल्या.

त्यानंतर त्या वळणावर युगं लोटली. ऋतू आले आणि गेले. माझी दाढी वाढली, पिकली. कुंपणापलीकडच्या गाई आधी मला बघायला जमल्या, मग कंटाळून पांगल्या, मग आपापली वासरं घेऊन परत आल्या आणि माझ्याकडे मान वळवून त्यांना काहीतरी समजावू लागल्या. शाळा बुडवणाऱ्यांचं पुढे काय होतं, असाच काहीतरी विषय असावा. एक कावळा खांबावर येऊन बसला आणि मी अजून किती वेळ घेईन याचा अंदाज घेऊन गेला. मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं. सगळं बायकोला, मेहुण्याला छत्री.

आणि मग क्षितिजावर एक पिवळा ठिपका उगवला. उगवला, आणि तिथेच राहिला. हिमनद्या सरकतात हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण त्यावर विश्वास बसला तो त्या दिवशी. ठिपक्याची टिकली झाली, टिकलीचं लिंबू झालं, आणि पुष्कळ काळाने त्या लिंबाचा एक म्हातारा झाला. लालबुंद चेहरा, हेल्मेटखालून दोन्ही बाजूंना निघालेले भलेमोठे कान, आणि हेल्मेटवर साळिंदरासारख्या उभ्या केलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. वसंतात आमच्याकडे मॅगपाय पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, त्यांच्यासाठी हा बंदोबस्त.

"नवीन का रे तू?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो, जितक्या करुण आवाजात म्हणता येईल तितक्या.

"मग उभा कशाला राहिलास? बसायचं की. गवत आहे एवढं." मग त्याने मला नीट न्याहाळलं. "एक वासरू रस्त्यावर आलं होतं, ते आत घालत होतो. त्याला काही घाई नव्हती. चल, हो पुढे. मी आहे मागे."

मी घड्याळात पाहिलं. अर्धा तासही झाला नव्हता.

आमच्या मंडळाची सगळी घटना त्या वळणावर मावते. पुढे ग्लेनिस. प्रत्येक वळणावर ती जो तिच्या लगेच मागे असेल त्याला उभा करते. तो बाकीच्यांना वाट दाखवतो. आणि सगळ्यांच्या मागे पिवळं जाकीट. जाकिटाच्या मागे कोणी राहायचं नाही. वळणावरच्या माणसाला जाकीट दिसलं, जाकिटाने हात वर केला, की त्याची सुटका. त्याने पुढे निघायचं. त्यामुळे वाटेला कितीही वळणं असोत, गुडघे कितीही करकरोत, आमच्यातला एकही माणूस आजवर हरवलेला नाही. सायकल हे तसं निमित्तच असतं. खरं काम चहाचं. कुठेतरी पाणी, सावली, बूड टेकायला ओंडका बघायचा आणि प्रत्येकाने घरून आणलेलं उघडायचं: स्कोन, खजुराचा केक, खोबऱ्यात घोळलेले लॅमिंग्टन. जितकं अंतर सायकल मारतो त्याच्या दुप्पट खातो. डॉक्टरांनी माझ्या हृदयात जाळी बसवून मला "काहीतरी हलकासा व्यायाम" सांगितला होता. या मंडळाइतका हलका व्यायाम उभ्या ऑस्ट्रेलियात सापडला नसता.

ॲथॉलने जन्मभर गाई राखल्या. दूध काढायच्या वेळी गाईंना रानातून गोठ्यावर आणायचं म्हणजे त्यांच्या मागून चालावं लागतं, आणि त्याचं एकच शास्त्र आहे: भरल्या कासेच्या गाईला घाई करायची नाही. ती थांबली तर आपणही थांबायचं, तिने मागे पाहिलं तर आपण दुसरीकडे बघायचं, आणि मधूनमधून काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे तिला कळतं की मागे कोणीतरी आहे. गाई विकल्यावर त्याने हेच शास्त्र आम्हाला लावलं. बोगद्यापलीकडच्या चढावर मी धापा टाकत उतरलो, की तोही उतरायचा.

"माझा गुडघा," तो म्हणायचा.

त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. चढ संपला की गुडघाही बरा व्हायचा. सायकल ढकलत तो मागून बोलत राहायचा: अमक्याची मारकी गाय, तमक्याचं कुंपण, आणि मध्येच जीभ टाळ्याला लावून एक "टॉक, टॉक" असा आवाज. तो आवाज तो गाईंना करायचा, हे मला डेसने सांगितलं. डेस रडक आमच्या गावचा निवृत्त खाटीक. अंगाने खाटकाच्या दुकानाएवढाच, आणि मनाने त्यातल्या कलेजीसारखा मऊ.

"मला तो वर्षभर गाय समजत होता," डेस म्हणाला. "तू अजून वासरू आहेस, मॅक."

मी मकरंद. पण ज्या देशात बार्बेक्यूचंही नाव कोणी पूर्ण घेत नाही, तिथे माझं कोण घेणार? मी मॅक झालो त्याला आता वीस वर्षं होतील.

ॲथॉलचे डोळे जात होते, ही गोष्ट मी इथेच सांगून टाकतो. आम्हाला ती फार उशिरा कळली, पण वाचकांनी आमच्याइतकं मंद असण्याचं काही कारण नाही. समोर बघितलं की मधोमध एक धुरकट डाग, आणि जे काही दिसायचं ते डागाच्या कडेने. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाईल. त्याने गाडी विकली आणि आम्हाला सांगितलं की गिअर फार कडक झाले होते. पत्ते खेळायचं सोडलं आणि सांगितलं की डेस लबाडी करतो. डेस लबाडी करतोच, त्यामुळे आम्हाला शंका येण्याचं काही कारण नव्हतं.

पण पिवळं जाकीट त्याला सोडवेना. बायको, नोला, जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. गाई गेल्या, गाडी गेली, पत्ते गेले. आठवड्यात एकच दिवस असा होता की ज्यासाठी तो दाढी करायचा, तो म्हणजे गुरुवार. आणि ग्लेनिसला जर कळलं, तर ती जाकीट काढून घेणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ग्लेनिस पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. ती सूर्यालाही उशिरा उगवल्याबद्दल बाहेर उभं करेल. तेव्हा ॲथॉलने ठरवलं की कोणाला कळू द्यायचं नाही. वाट तर त्याला पाठ होती, आणि राहता राहिला प्रश्न वळणावरच्या माणसाला हात करायचा.

तो त्याने फार सोपा करून टाकला. आमच्या भागात रस्त्यावर कोणीही दिसलं तरी हात करायची पद्धत आहे. ट्रॅक्टरवाल्याला, टपालवाल्याला, ज्याच्याशी बापाच्या काळापासून कुंपणाचं भांडण आहे त्यालाही. हात न करणारा माणूस एक तर मेलबर्नचा असतो, नाही तर आजारी. म्हणून ॲथॉल माणसाच्या उंचीचं जे जे समोर येईल त्याला हात करू लागला. टपालपेट्यांना हात केला. दुधाच्या रिकाम्या कॅनला केला. रस्तादुरुस्तीच्या नारिंगी शंकूंना तर ओळीने केला, जसा काही तो त्यांचा पाहुणा होता. आम्ही मागे वळून बघायचो आणि म्हणायचो, माणुसकी असावी तर अशी.

हे सहज आणखी वर्षभर चाललं असतं, पण मंडळात इलेक्ट्रिक सायकली शिरल्या. आधी एकीने घेतली, तिला सगळ्यांनी नावं ठेवली, आणि नाताळापर्यंत नावं ठेवणाऱ्या सगळ्यांनी घेतल्या. राहिलो मी आणि ॲथॉल. मी आळसाने, तो अभिमानाने. आतापर्यंत आमचा चहा ठरलेला असायचा नदीच्या डोहापाशी. झाडांएवढ्या नेच्यांची गार सावली, काळंभोर पाणी, आणि त्यात बदकाच्या चोचीचा एक प्राणी, प्लॅटिपस, राहतो अशी ॲथॉलची खात्री. दुसऱ्या कोणाला तो प्लॅटिपस कधी दिसला नव्हता, पण ॲथॉलला आवाज यायचा. आता सगळ्यांच्या पायाखाली बॅटऱ्या आल्यावर ग्लेनिसला उंची खुणावू लागली. त्या गुरुवारी निघताना स्टेशनच्या जुन्या शेडपाशी तिने जाहीर केलं: "आज डोह नाही. आज वरच्या टेकडीवर. तिथून समुद्र दिसतो."

ॲथॉल तेव्हा पलीकडे कोणाच्या तरी चाकात हवा भरत होता. पण त्याने काही बिघडायचं नव्हतं. शेवटच्या माणसाला वाट माहीत असायची गरजच नसते. वळणावर माणूस असतो.

वळणावर डेस होता. नारिंगी शर्टातला डेस. त्याला दुरून पिवळं जाकीट दिसलं, त्याने दोन्ही हातांनी डावीकडे वाट दाखवली, ॲथॉलने ऐटीत हात वर केला, आणि डेस नियमाप्रमाणे सायकलवर बसून टेकडीकडे निघाला.

टेकडीवर आम्ही पोचलो. समुद्र होता. स्कोन निघाले, चहा ओतला गेला. ॲथॉल आला नाही. दुसरा चहा झाला. लॅमिंग्टन संपले, आणि लॅमिंग्टन संपेपर्यंत ज्याअर्थी ॲथॉल आला नाही त्याअर्थी काहीतरी गंभीर आहे हे सगळ्यांना पटलं.

"तुला त्याने हात केला होता ना?" ग्लेनिसने डेसला उभं करून विचारलं.

"केला होता, मिस," डेस म्हणाला. ती त्याची कधी शिक्षिका नव्हती, पण घाबरला की तो मिस म्हणतो.

"मग जा आणि शोध. मॅक, तूही जा."

आम्ही उतारावरून सुसाट निघालो आणि वळणावरून थेट डोहाकडे गेलो. ॲथॉल तिथे ओंडक्यावर बसला होता. थर्मास उघडा, मांडीवर रुमाल, रुमालावर खजुराच्या केकचे तुकडे नीट कापून ठेवलेले. सगळ्यांना पुरतील इतके. त्याचा चेहरा उजळलेला होता.

"आलात?" तो म्हणाला. "मी पहिला."

"पहिला कसला, बाबा? अरे, तू तर…" डेसने सुरुवात केली. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"इतकी वर्षं मंडळात आहे, पहिल्यांदा पहिला आलो," ॲथॉल म्हणाला. "मला वाटलं तुम्ही सगळे वाटेत आडवे झालात. कुठे झालो मी पुढे, काही कळलंच नाही."

"कसं वाटलं पहिलं येऊन?" मी विचारलं.

"कंटाळवाणं, गड्या. बोलायला कोणी नसतं. ग्लेनिस हे इतकी वर्षं कसं सोसते कोण जाणे." आणि आमच्या खांद्यांवरून मागे बघत त्याने हात वर केला. "ये, ग्लेनिस, ये! चहा गरम आहे अजून."

आम्ही वळून पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं. मागच्या वणव्यात जळालेलं एक खोड तेवढं उभं होतं, ताठ, कंबरेवर हात ठेवल्यासारखी एक फांदी बाजूला काढून.

डेस खाली बसला. फार हळू आवाजात म्हणाला, "ॲथॉल, ती ग्लेनिस नाही रे. खोड आहे ते. जळकं."

ॲथॉलने हात खाली घेतला. थर्मासचं झाकण शोधून लावलं. मग विचारलं, "केवढं आहे?"

"ग्लेनिसएवढं."

"मग चूक माझ्या एकट्याची नाही."

आधी तोच हसला आणि मग आम्हालाही हसावं लागलं. डोळ्यांचं सगळं त्याने तिथेच सांगितलं, चार-पाच वाक्यांत, जणू एखाद्या गाईच्या दुखण्याबद्दल सांगावं तसं.

"पण मी वळणावर होतो!" डेसला ते सहनच होईना. "हा शर्ट बघ! माझी बायको म्हणते हा शर्ट चंद्रावरून दिसतो!"

"दिसलास की. मला वाटलं रस्त्याच्या कामाचं काहीतरी उभं केलंय."

"तू हात केलास मला!"

"मी सगळ्यांनाच करतो." मग तो थोडा वेळ केकचे तुकडे रुमालात गुंडाळत राहिला. "ग्लेनिसला सांगू नका."

"काय सांगायचं नाही? डोळ्यांचं, का खोडाला ती समजलास ते?"

"दोन्ही. पण खोडाचं तर अजिबात नाही."

परत जाताना प्रश्न पडला. त्याच्या मागे राहून लक्ष ठेवावं तर जाकिटाच्या मागे राहायचं नाही हा नियम. तो मोडला असता तर त्याला सगळ्यात जास्त लागलं असतं. म्हणून आम्ही दोघं पुढे झालो आणि आवाजाच्या दोरीने त्याला ओढून आणलं. मी बडबडत होतो आणि डेस गात होता. डेस गायला की गाई दूध चोरतात. त्या दिवशी सगळ्या वाटेवर आमच्याकडे रागाने बघणाऱ्या गाई मी अजून विसरलेलो नाही.

आम्ही ग्लेनिसला काही सांगितलं नाही. ते त्यानेच सांगितलं. पुढच्या गुरुवारी तो शेडपाशी चालत आला, दाढी केलेली, हातात पिवळं जाकीट, धुऊन आणि इस्त्री करून. इस्त्रीने त्याच्यावरच्या चमकत्या पट्ट्या वितळून वाकड्या झाल्या होत्या. ते त्याला दिसलं नसावं.

"ग्लेनिस, मला दिसत नाही," तो म्हणाला. "हे दुसऱ्या कोणाला दे."

ग्लेनिसने जाकीट हातात घेतलं, त्या वाकड्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग ती आमच्याकडे वळली. "कोण घालणार?"

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मी जन्मात इतके लक्षपूर्वक पाहिलेले बूट बघितले नव्हते. शेवटी तिने ते आपल्या पिशवीत कोंबलं आणि आम्ही जाकिटाशिवाय निघालो. ॲथॉलने शेडच्या दारात उभं राहून निरोपाचा हात केला. आम्ही त्याच्या डावीकडून जात होतो. हात त्याने उजवीकडच्या पाण्याच्या टाकीला केला.

त्या दिवशी डेअरीच्या वळणावर ग्लेनिसने डेसला उभं केलं. आम्ही डोहापाशी पोचलो, चहा काढला, मोजणी झाली. डेस नाही. ग्लेनिसने फोन लावला.

"डेस, कुठे आहेस तू?"

"वळणावर."

"अरे, सगळे कधीचे पोचले!"

"मला काय माहीत सगळे पोचले? पिवळं जाकीट गेलं नाही अजून."

"जाकीट माझ्या पिशवीत आहे, मूर्खा!"

"मग पिशवीला हात करायला सांग," डेस म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

नियम तिचाच होता. पुन्हा फोन लावला तर तो उचलेना. डेअरीवाल्या बाईने बाहेर येऊन त्याला खुर्ची दिली, मग सँडविच दिलं, मग टोपी दिली. येणाऱ्याजाणाऱ्या दुधाच्या टँकरवाल्यांना डेस विचारत होता, "मागे पिवळं जाकीट दिसलं का?" अर्ध्या गावाला बातमी पोचली की डेस रडक वळणावर उपोषणाला बसलाय. सँडविच खाणाऱ्याला उपोषणाला बसलाय म्हणायचं, एवढी आमच्या गावाला त्याची भूक माहीत होती. शेवटी ग्लेनिसने जाकीट चढवलं, उलट्या दिशेने वळणापर्यंत गेली, तिथून सायकल फिरवली आणि त्याच्यासमोरून हात वर करून गेली. तेव्हाच तो उठला.

"तुला काय हवंय, डेस?" तिने विचारलं.

"मला काही नकोय, मिस. पण त्याने मला आठ वर्षं चढावर एकटं सोडलं नाही."

त्या संध्याकाळी ग्लेनिसने मला घरी बोलावलं आणि मागच्या शेडचं दार उघडलं. आत एक हिरवी जोडसायकल होती, दोन सीटची, दोन हँडलची, वर तीन कोंबड्या. लग्न झाल्या झाल्या तिने आणि तिच्या नवऱ्याने ती घेतली होती. एकदाच चालवली. पुढे कोणी बसायचं यावरून असं काही वाजलं की संसार टिकवायचा तर सायकल शेडमध्ये जायला हवी हे दोघांनाही पटलं. संसार पुढे छान झाला.

"पुढे तू बसायचंस, मॅक," ती म्हणाली.

"मी? माझ्या छातीत जाळी आहे!"

"म्हणूनच. जाकीट शेवटी असायला हवं. मंडळात सगळ्यात हळू कोण चालवतं?"

माझ्या आयुष्यात माझी निवड गुणवत्तेवर झाली ती ही एकच.

ॲथॉल ऐकायला तयार नव्हता. "मी काय भाजीची टोपली आहे, कॅरिअरवर न्यायला?"

"मागच्यालाही पेडल मारावंच लागतं," ग्लेनिस म्हणाली. "आणि मला सांग, पुढच्याच्या मागे कोण असतो?"

"मागचा."

"मागच्याच्या मागे?"

मग त्याने सायकलवरून हात फिरवला, पुढून मागेपर्यंत, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. "मागे ब्रेक आहे?"

"नाही."

"घंटा?"

"बसवून देते."

"हात मीच करणार," तो म्हणाला. "मॅक सांगेल कुठे."

जाकिटावर ग्लेनिसने नव्या पट्ट्या शिवल्या होत्या, शाळेतल्यासारख्या सरळ.

पहिल्याच गुरुवारी ग्लेनिसने मुद्दाम टेकडी ठरवली. मला वाटलं होतं, मी त्याला वर नेईन. झालं उलटंच. चढ लागला, माझी छाती भरली, पाय थांबायला आले, आणि मागून अशी ताकद आली की जणू कोणी बैल जुंपलाय. जन्मभर गाईंच्या मागून डोंगर तुडवलेले पाय होते ते. "टॉक, टॉक," मागून आवाज आला, "घाई नाही, मॅक. मी आहे मागे." मी पुढे बघून सायकल चालवत होतो म्हणून बरं, डोळे पुसायला तिथे कोणाची परवानगी लागत नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ज्या वर्षी मी जिना चढायलाही घाबरत होतो, त्या वर्षी रोज कोणी ना कोणी मला "काळजी घे" म्हणायचं. मागून चालणारा हा एकच होता. त्या गुरुवारी मला पहिल्यांदा त्याच्या काही उपयोगी पडता आलं, आणि तेही त्यानेच पेडल मारून.

वळणावर डेस उभा होता. "डावीकडे, जरा वर," मी सांगितलं. ॲथॉलने हात केला, अगदी डेसला.

"या वेळी तरी मी माणूस दिसतोय का रे?" डेस ओरडला.

"वास आला!" ॲथॉल ओरडला.

टेकडीवर त्याला मधल्या ओंडक्यावर बसवून आम्ही सगळे भोवती बसलो. "काय दिसतंय?" त्याने विचारलं, आणि चौदा माणसं एकदम सांगू लागली.

"एकेक बोला. घाई नाही," तो म्हणाला.

मी समुद्र सांगितला. ग्लेनिसने ढग सांगितले, प्रकारांसकट. कोणी खालची वाट सांगितली, कोणी डेअरीचं पत्र्याचं छप्पर.

"खाली गाई आहेत का? रंग कोणता?"

"तांबड्या."

"टॉमलिन्सनच्या. दूध कमी, मिजास फार. बसल्यात का उभ्या?"

"बसल्यात."

"तेच म्हटलं."

"व्हेल दिसतोय!" डेस म्हणाला. "बाप रे, केवढा! शेपूट उडवली त्याने!"

"डेस, खोटं बोलतोयस."

"तुला काय कळलं?"

"तोंड भरलेलं असताना तू खरं बोललेला मला आठवत नाही."

त्याने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता. वारा समुद्रावरून येत होता. सगळ्यांचं सांगून संपलं तेव्हा तो म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही; लोक लग्नाच्या दिवशी बायकोबद्दलही एवढंच म्हणतात. मग त्याने खजुराचा केक काढला, आणि ज्याच्या हातावर ठेवायचा त्याला आधी नावाने हाक मारून, त्याचा आवाज आला की तिकडे हात करत, एकेकाला दिला. मला शेवटी दिला. मी त्याच्या सगळ्यात जवळ बसलो होतो.

असं आम्ही दोन वसंत आणि मधला एक हिवाळा चालवलं. मग क्वीन्सलँडमध्ये त्याच्या मुलीने घरामागे एक खोली बांधली आणि तो तिकडे गेला. तिथे न दिसणाऱ्यांचा बोलिंग क्लब आहे. तो दर गुरुवारी हिरवळीवर चेंडू घरंगळवतो. मध्यंतरी मी फोनवर विचारलं, सायकलीची आठवण येते का? नाही, म्हणाला. बूड फार दुखायचं.